ब्राझीलला जायचे तर आधी महिना ठरवा

परदेशी सहलीची आखणी आपल्याकडे बहुधा ठिकाणांच्या यादीपासून सुरू होते. ब्राझील म्हटले की ही यादी चटकन तयार होते: रिओचा ख्रिस्ताचा पुतळा, इग्वासूचा धबधबा, अमेझॉनचे जंगल आणि जमलेच तर कार्निव्हल. मग हाताशी असलेल्या दहा-बारा दिवसांत हे सगळे बसवण्याची खटपट चालते. युरोपात ही पद्धत बऱ्यापैकी निभावते, कारण तिथे अंतरे लहान आहेत आणि रेल्वेचे जाळे दाट आहे. ब्राझीलमध्ये मात्र ती पर्यटकाच्या वेळेचा आणि पैशाचा चुराडा करते. या देशाचा विचार दुसऱ्या टोकाकडून करायला हवा. आपल्याला सुट्टी कोणत्या महिन्यात मिळणार आहे ते आधी पाहावे, त्या महिन्यात तिथल्या कोणत्या भागात पाऊसपाणी अनुकूल असते ते तपासावे आणि मग तेवढा एक, फार तर दोन भाग निवडावेत. उरलेला नकाशा सरळ मिटून ठेवावा.

यामागचे पहिले कारण देशाच्या आकारात आहे. ब्राझीलचे क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या अडीचपटीहून थोडे जास्त. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या मात्र २० कोटींच्या जरा वर, आणि तीही बरीचशी पूर्व किनाऱ्याच्या बाजूला एकवटलेली. त्यामुळे आतल्या भागात शहरे विरळ आणि वाहतुकीच्या सोयीही विरळ. लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे जवळपास नाहीच. अमेझॉनच्या जंगलाचे प्रवेशद्वार असलेले मानौस शहर साओ पावलोपासून विमानानेही साधारण चार तासांवर आहे. दक्षिणेकडून मानौसला येणाऱ्या महामार्गाचा मोठा टप्पा आजही कच्चा असून पावसाळ्यात तो चिखलाने भरून जातो. म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात जायचे तर विमानाला पर्याय नाही, आणि हॉटेल सोडण्यापासून नव्या मुक्कामी पोचेपर्यंत प्रत्येक वेळी जवळजवळ एक दिवस खर्ची पडतो. मुंबईहून ब्राझीलला थेट विमान नाही. आखाती देश, आफ्रिका किंवा युरोपमार्गे जावे लागते, आणि एकट्या दुबई ते साओ पावलो या टप्प्याला सुमारे पंधरा तास लागतात. जाण्यायेण्याचे दिवस वजा केले तर बारा दिवसांच्या सहलीत नऊ-दहाच दिवस उरतात. त्यात चार ठिकाणे कोंबली की आणखी तीन दिवस विमानतळांवर जातात.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगावे लागू नये. भंडारदऱ्याचे काजवे पाहायला कोणी डिसेंबरात जात नाही आणि कासच्या पठारावर फुलांसाठी कोणी एप्रिलमध्ये चढत नाही. जागा तीच राहते, पण जे पाहायला जायचे ते ठरावीक आठवड्यांतच असते. ब्राझीलची निसर्गाने नटलेली बहुतेक मोठी ठिकाणे अशीच आहेत, फरक एवढाच की तिथे चूक झाली तर पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येत नाही. शिवाय या देशाचा एक भाग विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दुसरा मकरवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे ‘ब्राझीलला जायला चांगला महिना कोणता’ या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही. प्रत्येक प्रदेशाचे पावसाचे वेळापत्रक वेगळे आहे.

ईशान्येकडच्या मारान्याओ राज्यातले लेंसोइस मारान्येंसिस हे राष्ट्रीय उद्यान याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या या उद्यानाचे क्षेत्र सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर आहे. नद्यांनी समुद्रात नेलेली वाळू लाटा किनाऱ्यावर आणून टाकतात, वारा ती आत ढकलतो आणि पांढऱ्या टेकड्यांच्या रांगा तयार होतात. दिसायला हे वाळवंट असले तरी इथे भरपूर पाऊस पडतो. जानेवारीपासून जूनपर्यंतच्या पावसाने जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते आणि टेकड्यांमधल्या खोलगट जागांत हजारो निळी-हिरवी तळी भरतात. त्यांत पोहता येते, काहींत मासेही असतात. जून ते ऑगस्ट हा त्यांचा भराचा काळ. मग पाऊस थांबतो, ऊन आणि वारा पाणी ओढून घेतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बहुतेक तळी आटून जातात. जाहिरातीतले छायाचित्र पाहून दिवाळीच्या सुट्टीत तिथे पोचणाऱ्याला वाळू दिसेल. ज्यासाठी एवढा प्रवास केला ती तळी बहुतांशी नसतील.

अमेझॉनचे गणित याहून मोठे आहे. मानौसजवळ रिओ नेग्रोचे कुजलेल्या पाल्याच्या अर्काने काळसर झालेले पाणी आणि अँडीज पर्वताचा गाळ घेऊन आलेले सोलिमोएसचे मातकट पाणी कित्येक किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात आणि लगेच मिसळत नाहीत, कारण दोन्ही प्रवाहांचे तापमान, वेग आणि घनता निराळी. हे दृश्य वर्षभर दिसते. जंगल मात्र पाण्याच्या पातळीनुसार रूप पालटते. प्रचंड खोऱ्यातला पाऊस गोळा होऊन मानौसपर्यंत यायला वेळ लागतो. म्हणून तिथला पूर जूनमध्ये कळसाला पोचतो आणि सर्वांत कमी पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. या दोन पातळ्यांत दरवर्षी साधारण दहा मीटरचा, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा फरक पडतो. मानौस बंदराच्या भिंतीवर वर्षावर्षाच्या पुराच्या खुणा आकड्यांसह कोरून ठेवल्या आहेत. २०२१ मध्ये पाणी ३० मीटरच्या खुणेवर गेले होते. जूनमध्ये गेलात तर छोट्या होडीतून बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांमधून हिंडता येते आणि माकडे, पक्षी डोळ्यांच्या उंचीवर भेटतात. ऑक्टोबरात गेलात तर त्याच जागी जमिनीवरून चालता येते, नदीकाठी पांढऱ्या वाळूचे किनारे उघडे पडलेले असतात आणि उरलेल्या पाण्याभोवती पक्ष्यांची गर्दी असते. दोन्ही पाहण्याजोगे, पण आपल्याला काय पाहायचे आहे हे आधी ठरवायला हवे.

देशाच्या पश्चिमेला असलेल्या पांतानालमध्ये क्रम उलटा आहे. जगातली ही सर्वांत मोठी उष्ण कटिबंधीय पाणथळ भूमी इतकी सपाट आहे की पावसाचे पाणी तिच्यातून महिनोन् महिने हळूहळू सरकत राहते. पावसाळ्यात प्राणी विखुरतात आणि वाटा बंद होतात. जुलैपासून पाणी ओसरू लागते, मासे डबक्यांत अडकतात, त्यांच्यामागे बगळे आणि केमन मगरी येतात, आणि केमन व कॅपिबारा यांच्या शिकारीसाठी जग्वार नदीकाठी उतरतो. पोकोने गावापासून पोर्तो जोफ्रेपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटरचा, शंभराहून अधिक पूल असलेला ट्रान्सपांतानेइरा हा कच्चा रस्ता याच काळात खुला आणि गजबजलेला असतो. रस्ता संपतो तिथून होडीत बसून जग्वार पाहायचा. जुलै ते ऑक्टोबर या काळात तो दिसण्याची शक्यता जगात इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा इथे जास्त मानली जाते. घनदाट अमेझॉनमध्ये तो क्वचितच नजरेस पडतो. म्हणून वन्यप्राणी पाहण्याची हौस असलेल्याने अमेझॉनच्या नावाला न भुलता पांतानाल निवडावे.

आता आपल्या सुट्ट्या या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहू. मे महिन्याची अखेर आणि जूनचा आरंभ उत्तर ब्राझीलसाठी उत्तम: अमेझॉन भरलेला, लेंसोइसची तळी भरत आलेली, आणि खाली रिओमध्ये उकाडा कमी होऊन हवा सुखद झालेली. दिवाळीची सुट्टी पांतानालला सोयीची, पण दिवाळी कधी येते त्यावर ते अवलंबून आहे. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तोपर्यंत पांतानालमध्ये पाऊस सुरू होण्याची शक्यता मोठी. अशा वर्षी साल्वादोरचा किनारा आणि इग्वासू ही जोडी बरी. १५४९ पासून १७६३ पर्यंत राजधानी असलेले साल्वादोर आफ्रिकी वारशाच्या संगीताने आणि खाद्यपदार्थांनी भरलेले आहे, आणि तिथला मोठा पाऊस एप्रिल ते जुलैचा. इग्वासूला तर बाराही महिने पाणी असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा रिओचा भर उन्हाळा, त्यातच जोरदार पावसाचे दिवस आणि ब्राझीलच्या शाळांची सुट्टी. गर्दी, भाव आणि उकाडा तिन्ही चढे. कार्निव्हलसाठी जायचे असेल तर हे सगळे सोसण्यात अर्थ आहे, एरवी नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एवढे लाखो रुपये खर्चून आयुष्यात एकदाच जायचे, तर सगळे पाहूनच यायला नको का? भावना रास्त आहे. पण एकदाच जायचे असेल तर चुकीच्या ऋतूतली चार ठिकाणे पाहण्यापेक्षा योग्य ऋतूतली दोन पाहणे अधिक फायद्याचे. शिवाय रिओ सुटण्याची भीती बाळगायचे कारण नाही. भारतातून जाणारा प्रवासी साओ पावलो किंवा रिओलाच उतरतो, त्यामुळे तीन दिवस रिओला आणि उरलेले एका निसर्गप्रदेशाला अशी वाटणी सहज होते. १९३१ मध्ये उभा राहिलेला ख्रिस्ताचा पुतळा आणि शुगरलोफ डोंगरावरची केबल कार यांना, आकाश निरभ्र असले की पुरे, महिन्याचे बंधन नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हवामान बदलल्यामुळे ही वेळापत्रकेच आता भरवशाची राहिली नाहीत, मग महिना पाहून काय उपयोग? २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मानौसला रिओ नेग्रोने १९०२ पासूनच्या नोंदींतला नीचांक गाठला. २०२० मध्ये पांतानालचा फार मोठा भाग आगीत होरपळला. २०२४ च्या मे महिन्यात दक्षिणेतल्या पुराने पोर्तो आलेग्रेचा विमानतळ कित्येक महिने बंद पडला. हे सगळे खरे आहे. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष ठिकाणे कमी करण्याचाच. चार विमानांच्या साखळीतली एक कडी निसटली की पुढचे सगळे आरक्षण कोसळते. दोनच मुक्काम असतील तर एखादा दिवस इकडेतिकडे करता येतो. वेळापत्रक हमी देत नाही, शक्यता सांगते, आणि आपला शेतकरीही पेरणी शक्यतेवरच करतो.

तिसरी काळजी वयाची, तब्येतीची आणि जेवणाची. ब्राझीलहून परतणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते आणि मग आयुष्यभर चालते. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती घेऊ नये. म्हणून तिकिटांच्या आधी हा सल्ला. शाकाहारी माणसाचे हाल होतात हा समज अर्धाच खरा आहे. भात आणि घेवड्याची उसळ हे तिथले रोजचे जेवण आहे, मात्र उसळीत डुकराचे मांस नाही ना, हे विचारून घ्यावे. वजनावर पैसे घेणाऱ्या खानावळींत भाज्या आणि कोशिंबिरी भरपूर असतात. आपला साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचाच; त्याच्याच पिठाचे, खोबरे किंवा चीज भरलेले तापिओका हे धिरडे सगळीकडे मिळते. मोठ्या शहरांत मोबाइल आणि दागिने मिरवू नयेत, रात्री अनोळखी भागांत पायी फिरू नये. मुक्काम कमी असले की ही सगळी दक्षता पाळणे सोपे जाते.

पोर्तुगीज येत नाही, म्हणून सहल कंपनीबरोबर जाणे पुष्कळांना बरे वाटेल, आणि त्यात काही वावगे नाही. मात्र पैसे भरण्यापूर्वी कंपनीला नेमके प्रश्न विचारावेत: आपण जाऊ त्या आठवड्यात तळ्यांत पाणी असते का? नदी चढती असते की उतरती? विमानप्रवासात किती दिवस जातात? पाऊस आला तर पर्यायी बेत काय? ज्यांना याची उत्तरे देता येतात त्यांनाच आपली सुट्टी सोपवावी. अशा सहलीनंतर ‘ब्राझील पाहून झाला’ असे म्हणता येणार नाही, पण त्यातला एक प्रदेश त्याच्या ऐन भरात पाहिला, हे खात्रीने सांगता येईल. एवढ्या लांबच्या प्रवासाचे आणि खर्चाचे चीज त्यातच आहे.