यंत्राची अक्कल आणि दम्याचा रोगी

यंत्राला अक्कल शिकविण्याच्या दोन वाटा आहेत. एक शाळेतली. ‘असे असेल तर तसे समज’, असे नियम आपण एकेक करून त्याला पढवायचे. दुसरी बैलबाजारातली. चांगला खोंड कसा पारखावा, हे पोराला कोणी सूत्रात सांगत नाही. शेकडो जनावरे पाहूनच त्याची नजर तयार होते. यंत्रापुढेही हजारो उदाहरणे टाकली, की ते आपले आपण ठोकताळे बांधते. पहिली वाट तर्काची, दुसरी अनुभवाची. आणि हल्लीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची बहुतेक करामत दुसऱ्या वाटेवरची आहे.

आता या अनुभवाची गंमत पाहा. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी न्यूमोनियाच्या सुमारे १४,००० रुग्णांची माहिती संगणकाला दिली. कोणाच्या जिवाला धोका अधिक, कोणाला घरीच औषध दिलेले चालेल, हे त्याने सांगावे, असा हेतू. मेंदूतील पेशींच्या जाळ्यावर बेतलेली पद्धत सर्वांत अचूक ठरली. पण तिच्या पोटात नुसते आकडे. ती अमुकच का म्हणते, ते कळायला मार्ग नाही. दुसरी एक पद्धत मात्र आपण काय शिकलो ते नियमांच्या रूपाने मांडून दाखवी. तिच्यात एक नियम निघाला: दमा असेल तर न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी!

खेड्यातली आजीबाईसुद्धा हे मानणार नाही. बरे, माहिती काही खोटी नव्हती. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला, की डॉक्टर त्याला तडक इस्पितळात, पुष्कळदा अतिदक्षता विभागातच हलवीत. म्हणून तर ती माणसे वाचत! यंत्राला वाचलेली माणसे दिसली, त्यामागची धावपळ दिसली नाही. त्याच्या सल्ल्याने दमेकऱ्याला घरी धाडले असते तर? त्या जाळ्यात अशा आणखी किती खोडी दडल्या असतील, कोण जाणे! ते जाळे घडविणारे रिच कारुआना यांनीच ते रुग्णांवर वापरू नका, असे सांगितले. मला हा निर्णय त्या अचूकपणाहून मोलाचा वाटतो.

दोन्ही वाटा एकत्र आल्या तर? २०२४ साली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या सहापैकी चार प्रश्न यंत्रांनी सोडविले. तिथे युक्ती सुचवायला शिकलेले यंत्र, आणि पायरी न् पायरी तपासायला तर्क. चुकीची पायरी तिथल्या तिथे अडते. पण आजाऱ्याची सिद्धता कोण मांडणार? तिथे यंत्राच्या पोटातले निदान वाचता तरी आले पाहिजे. २०१५ साली कारुआना आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती अशा पद्धतीला दिली, की प्रत्येक लक्षणाचे वजन आलेखावर दिसावे आणि डॉक्टरांना ते हाताने सुधारता यावे. अचूकपणा फारसा घटला नाही. आलेख पाहता पाहता दम्याच्या जोडीला आणखी एक खोड सापडली: हृदयविकाराच्या रोग्यांनाही यंत्र कमी धोक्यात धरीत होते.