हातभर घाट

सकाळी ७.१०
कामशेत स्टेशन. लोकल यायला अजून वेळ आहे. ताई फलाटाच्या टोकाला जातात, वाकतात आणि कुसळी गवताचं एक धाट उपटतात. डब्याच्या पिशवीत ते उभं खोचतात. नोव्हेंबर संपत आलाय. धाट बुडाशी अजून हिरवट, मधे तांबूस, शेंड्याला पिवळं.
"रंग दुकानात मिळतात. कुठला घ्यायचा, ते हे सांगतं," ताई म्हणतात.

सकाळी ८.२०
कासारवाडीजवळची पत्र्याची शेड. आत प्लायवूडच्या टेबलांवर बोरघाटाचा एक तुकडा उभा राहतोय. खेळण्यातल्या रेल्वेसाठी एका हौशी माणसाची ऑर्डर आहे. खऱ्या घाटातून १८६३ साली गाडी सुरू झाली. चढ ३७ला १, म्हणून अजूनही गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. इथला घाट १:८७ या प्रमाणात. पोरांनी थर्माकोलचा डोंगर केला, त्यावर प्लास्टर चढवलं, रूळ बसवले. आता डोंगर उघडाबोडका आहे. गवत, झुडपं ताईंकडे.

सकाळी ८.४५
आधी चुरा. गादीवाल्याकडून फोमचे तुकडे आणलेत, ४० रुपये किलो. काल रंगात बुडवून, पिळून, वर्तमानपत्रावर वाळत घातले होते. आज ते मिक्सरमध्ये. मिक्सर जुन्या बाजारातला, ३५० रुपयांचा. अर्धा मिनिट फिरवायचा, मग थांबायचं, नाहीतर मोटर तापते. चुरा तीन चाळण्यांतून जातो. जाड झुडपांना, मधला वेलींना, पिठासारखा जमिनीवर.
हिरव्यात ताई चिमूटभर मातकट रंग घालतात. नुसता हिरवा त्यांना सहन होत नाही. "असं हिरवं गवत कुठं असतं? लग्नाच्या मांडवात."

सकाळी १०.१०
आता गवत. हे काम मी तासभर जागचा न हलता पाहिलं.
गवत म्हणजे नायलॉनचे बारीक तंतू. दोन मिलिमीटरचे, चारचे, सहाचे. बाहेरून मागवलेली छोटी पाकिटं, एकेक साडेचारशेला पडतं. म्हणून सांडलेला तंतूही वाया जात नाही. अवजार शेडमध्येच केलेलं: चहाची स्टीलची गाळणी, मुठीत उच्च दाबाचं छोटं सर्किट. एक तार गाळणीला, दुसरीला चिमटा.
ताई फेव्हिकॉल पाण्यात पातळ करतात, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. ब्रशनं तळहाताएवढाच भाग माखतात, जास्त माखला तर सुकतो. ओल्या गोंदात खिळा टोचतात, चिमटा खिळ्याला लावतात. गाळणी बोटभर उंचीवर धरून हलवायला लागतात.
तंतू खाली पडतात आणि उभे राहतात. सगळे. अंगावर काटा यावा तसे. विजेच्या भारामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून आडवं कुणी पडत नाही. पावसाळ्यात मात्र हवा दमट, तंतूंच्या गाठी होतात. तेव्हा आधी बल्बखाली वाळवावे लागतात.
पहिला हात दोन मिलिमीटरचा, सुकलेल्या पिवळ्याचा. वर चारचा, हिरवट. सहाचा फक्त ओघळीच्या कडेला, तिथं पाणी टिकतं. हिशोब सोपा आहे: खरं गुडघाभर गवत इथं पाच मिलिमीटर.
हे कुणी शिकवलं नाही. ताई लहानपणी आईबरोबर गवत कापायला जायच्या. पवन्या, मारवेल, कुसळी. भारा डोक्यावर घेऊन बाजाराला. कातळावर गवत आखूड राहतं, बांधाला उंच होतं, पायवाटेला अजिबात नसतं, हे त्यांच्या पायांना माहीत आहे. प्लास्टरच्या डोंगरावर त्यांनी गुरांची वाटही ठेवलीय. ऑर्डरीत ती नव्हती. मला तरी अख्ख्या घाटात तीच सगळ्यात खरी वाटते.

दुपारी १.१५
जेवण. भाकरी, पावट्याची उसळ. वीस मिनिटं.

दुपारी १.४०
व्हॅक्यूमच्या तोंडाला पायमोजा ताणून बसवतात आणि न चिकटलेले तंतू ओढून घेतात. मोज्यातून परत बरणीत.
मग करवंदाच्या जाळ्या. उशीत भरायचा कृत्रिम कापूस काळपट रंगवून ठेवलाय. त्याचा चिमूटभर पुंजका विंचरतात, इतका की पलीकडचं दिसावं. त्यावर हेअर स्प्रे, मग जाड चुऱ्यात घोळवायचा. कारवीला काथ्याचे दोरे: दोन मीटरची खरी कारवी इथं २३ मिलिमीटर. एकेक काडी चिमट्यानं रोवायची. दुपारभरात दोनशे काड्या होतात. मान अवघडते. नखांत गोंद वाळून बसलेला असतो, तो घरी खोबरेल तेलानं निघतो.

दुपारी ४.००
चहा, १० रुपये. हजेरी रोजची ६५०.

संध्याकाळी ५.१०
रूळ पुसून गाडी सोडतात. इंजिन दोन फेऱ्या नीट करतं, तिसऱ्या फेरीत सांध्यावर अडकतं.
"मावशी, तुमचं गवत!" रूळ बसवणारा पोरगा ओरडतो.
ताई चष्मा चढवतात, टॉर्च धरतात. सांध्याच्या फटीत दोन मिलिमीटरचा एक तंतू. चिमट्यानं काढतात, बरणीत टाकतात.
"हां, सोड आता."
गाडी गुरांच्या वाटेखालून चढ चढते.
सकाळचं धाट अजून डब्याशेजारी उभं आहे. ताई ते रंगांच्या फळीवर टेपनं चिकटवतात. उद्या बोगद्यावरचा उतार करायचाय.