अगस्तीच्या दारी तहान

गिरगावच्या एकाच चाळीत वाढलेले आम्ही चौघे मित्र. एक आता दादरला, एक परळला, एक डोंबिवलीला; मी तेवढा अजून गिरगावातच. वर्षातून एकदा घरच्या मंडळींना वगळून एखादा गड चढायचा, हा आमचा वीस-बावीस वर्षांचा नेम. गड तेवढेच उंच राहिले आहेत. पोटे मात्र आमची पुढे आली आहेत.

यंदा अंकाई-टंकाई ठरवली ती मी. महिना एप्रिलचा. आता तुम्ही म्हणाल, एप्रिलात येवल्याकडे कोणी शहाणा जातो का? पण परीक्षा संपल्यावर आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येण्यापूर्वी मास्तराला जे चार दिवस मिळतात, त्यांत ऋतू निवडून मिळत नाही.

दादरला रात्रीची गाडी धरली आणि पहाटे मनमाडला उतरलो. उजाडता उजाडता जीपमधून दोन्ही गड दिसले. आपल्या लोणावळ्याकडचे डोंगर पाहिलेल्याला हे डोंगर वाटतच नाहीत. सपाट माळावर कुणी दोन प्रचंड चौरंग मांडून ठेवावेत, तसे ते दिसतात. अशा टेकडीला स्पॅनिश लोक ‘मेसा’, म्हणजे मेज म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरांवर थर साचले. पुढे मऊ थर झिजले आणि कठीण थर टोपीसारखा वर उरला. म्हणून माथा सपाट आणि भोवती ताशीव कडा. सह्याद्री ढगांना आधीच पिळून घेतो. मुंबईच्या पावसाचा चौथा हिस्साही या बाजूला पडत नाही. सावली म्हणाल तर बाभळीची, आणि तीही काटे मोजून घ्यावी अशी.

टंकाईच्या अंगाला असलेली जैन लेणी सकाळच्या गारव्यात पाहिली. तिथून दोन गडांमधली खिंड आणि मग अंकाईचे एकामागून एक दरवाजे. असल्या गडाला वेढा घालणाऱ्याची दयाच यावी. १६३५ मध्ये शाहजहानच्या फौजेने हा गड घेतला. १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती मात्र तो लढाईवाचून पडला.

पायथ्याच्या चहाच्या टपरीवर मी एक शहाणपणा केला होता. आठ बाटल्या पाणी बरोबर होते, त्यांतल्या तीन मी तिथेच ठेवायला लावल्या. “ओझे कशाला? दोन तासांत खाली येऊ,” असे म्हणालो.

माथ्यावर काशी तळे आहे आणि अगस्ती ऋषींचे स्थान आहे. अकरा वाजले होते. तळ्यात पाणी होते, पण शेवाळाने हिरवेगार. डोंबिवलीकर तिथेच सावलीला बसला. “तुम्ही वाड्याचे अवशेष पाहून या, मी इथेच थांबतो,” म्हणाला. बँकेत हिशेब पाहणारा हा गृहस्थ, स्वतःचा हिशेब बरोबर करीत होता. पण माझ्या जिभेला हाड नाही. “लेका, चाळीचे चार जिने पळत चढायचास, आता म्हातारा झालास!” सगळे हसले. तो उठला.

पलीकडच्या टोकापर्यंत सावली नाही. खालून खडक तापलेला, वरून ऊन. वाड्याच्या भिंती पाहून परतताना पाणी संपले. मग त्याचे बोलणे तुटक होऊ लागले. “पोस्टाची गाडी गेली का रे?” असे त्याने विचारले, तेव्हा आधी आम्हांला हसू आले आणि लगेच पोटात गोळा आला. पायांत गोळे येऊन तो खालीच बसला.

परळकराने आणि मी त्याला धरून कसेबसे एका कातळाच्या सावलीत आणले. दादरकर तळ्याकडे धावला आणि पंचे भिजवून घेऊन आला. ते त्याच्या मानेवर, काखेत, डोक्यावर ठेवले. पण पोटात घालायला थेंब नव्हता. ज्या अगस्तीने समुद्र एका घोटात प्यायला म्हणतात, त्याच्याच दारात आम्ही घोटभर पाण्याला महाग झालो होतो.

शेरडे घेऊन एक आजी आल्या. ओले फडके गुंडाळलेली एक बाटली त्यांच्याजवळ होती. काही न विचारता त्यांनी ती पुढे केली. “हळू पाजा. घटाघटा न्हाई,” एवढेच म्हणाल्या. पिशवीत साखर-मीठ होते, ते त्यात घातले. चमचा-चमचा पाजत पाऊण तास गेला. मग त्याने डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न केला, “टपरीवरच्या तीन बाटल्यांचे पैसे कोणी दिले होते?”

मी आजींना पैसे देऊ लागलो. त्यांनी हात मागे घेतला. “पान्याचं पैसं घ्यायला म्या का दुकान मांडलंय?” आणि त्या शेरडांमागे निघून गेल्या. त्यांच्या बाटलीत किती उरले होते, ते मी पाहिले होते: तळाला चार बोटे. अजून दुपार सगळी पुढे होती.

उन्हे कलल्यावर आम्ही उतरलो. मनमाडच्या डॉक्टरांनी सलाईन लावले आणि आम्हां तिघांना दोन शब्द सुनावले. ते योग्यच होते. रात्री त्याच्या घरी फोन मीच केला. वहिनी पलीकडून बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भाऊजी, तो तुमच्या शब्दाबाहेर कधी जात नाही, हे तुम्हांला ठाऊक होते ना?”

डोंबिवलीला त्याला घरापर्यंत सोडायला गेलो. तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट बंद. त्याची पिशवी मी घेतली. पहिल्या मजल्यावर तो कठड्याला टेकून थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मीही थांबलो. आम्ही दोघांनी तिथेच दहा मिनिटे काढली.