भूमध्य समुद्रातली क्रूझ : पैसे भरण्याआधी घरच्यांनी काय माहीत करून घ्यावं?

"सात रात्री, चार देश, जेवण-खाण सगळं आत!" अशी जाहिरात हल्ली पालघर, बोईसर, तारापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वरचेवर फिरते. खाली पांढऱ्याशुभ्र जहाजाचा फोटो, वर रुपयातला एक आकडा आणि "आजच बुक करा". एमआयडीसीत वीस-वीस वर्षं नोकरी केलेली, पोरांची शिक्षणं मार्गी लावलेली कुटुंबं आता "एकदा तरी बाहेरचा मुल्क बघू" म्हणतात. त्यात काही चुकीचं नाही. सफर करा, जग बघा, हे आपल्याला दीनानंही सांगितलंय. पण ही रक्कम बहुतेक घरांत कित्येक वर्षांच्या बचतीची असते आणि एकदा भरली की परत मिळणं कठीण. म्हणून क्रूझमध्ये नेमकं काय मिळतं, काय मिळत नाही आणि आपल्यासारख्या मुस्लिम कुटुंबाला कशाची तयारी ठेवावी लागते, ते आम्ही इथे सविस्तर मांडतो आहोत.

क्रूझ म्हणजे काय?

साध्या भाषेत, चालतं-फिरतं हॉटेल. रात्री जहाज चालतं, सकाळी नव्या बंदराला लागतं. तुम्ही उतरून शहर बघता, संध्याकाळी परत येता. सामान एकदाच खोलीत लावायचं, रोज बॅगा भरायची कटकट नाही. बुजुर्गांना घेऊन जाणाऱ्यांसाठी हा मोठा फायदा.

जहाजं किती मोठी असतात, याचा अंदाज आपल्याला येत नाही. 'एमएससी वर्ल्ड युरोपा' हे 2022 मध्ये आलेलं जहाज सुमारे 333 मीटर लांब आहे, म्हणजे विरारच्या पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षाही थोडं जास्त. त्यात साडेसहा हजारांवर प्रवासी मावतात. बार्सिलोना, मार्सेल, जिनोआ, नेपल्स, पालेर्मो, माल्टाचं व्हॅलेटा, अथेन्सजवळचं पिरेअस, इस्तंबूल ही या समुद्रातली नेहमीची बंदरं.

एक गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना नवल वाटेल. सातपाटी-तारापूरला भरती-ओहोटीत समुद्र केवढा आत-बाहेर होतो! भूमध्य समुद्रात भरती जेमतेम जाणवते. पण वारा सुटला की तिथेही जहाज हलतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागावी. तिथे हलणं सगळ्यात कमी असतं.

तिकिटात काय येतं, काय येत नाही

तिकिटात साधारणपणे खोली, मुख्य डायनिंग हॉल आणि बुफेचं जेवण, रात्रीचे कार्यक्रम, स्विमिंग पूल एवढं येतं. बहुतेक वेळा बाहेर राहणारा खर्च असा:

- मुंबई ते चढायच्या बंदरापर्यंतचं विमान आणि एक रात्र आधी पोचण्याचं हॉटेल. विमान उशिरा झालं तर जहाज थांबत नाही, म्हणून ही रात्र वाचवू नये.
- व्हिसा आणि प्रवास विमा.
- रोजची माणशी सेवा रक्कम, म्हणजे टिप. ती आपोआप खोलीच्या बिलात लागते.
- वायफाय, कोल्ड्रिंक, चांगली कॉफी, खास रेस्टॉरंट.
- बंदरावरची सहल. कंपनीची बस घेतली तर महाग, स्वतः गेलात तर स्वस्त.
- जहाजावरचा डॉक्टर. बिल युरो किंवा डॉलरमध्ये येतं.

चौघांच्या कुटुंबाला हे सगळं मिळून जाहिरातीतल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट जाऊ शकतं. शिवाय परदेशी टूर पॅकेजवर एजंट टीसीएस कापतो. ही रक्कम इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळती करून घेता येते, त्यामुळे पावती जपून ठेवा.

"आत्ता फिरा, हप्त्यांनी फेडा" ही योजनाही सोबत येते. त्यात व्याज आहे का, प्रोसेसिंग फीच्या नावाखाली तेच घेतात का, हे बघा. सैर-सपाटा ही जरुरत नाही. त्यासाठी सूद गळ्यात घेण्यासारखं काही नाही. आणि ज्यांच्यावर हज फर्ज झाली आहे, त्यांनी हा पैसा आधी कुठे जावा, याचा विचार स्वतःच करावा.

व्हिसा : इथेच जास्त घोटाळा होतो

इटली, फ्रान्स, स्पेन, ग्रीस, माल्टा हे देश शेंगेन व्हिसावर फिरता येतात. जून 2024 पासून मोठ्यांची फी 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांची 45 युरो आहे. 6 वर्षांखालच्या मुलांना माफ. एजन्सीचे चार्जेस वेगळे. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागा, कारण पुढे अपॉइंटमेंट मिळत नाही. ज्या देशात जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे आधी पाय ठेवणार, त्या देशाकडे.

आता महत्त्वाचं. जहाज मध्येच तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाला जाऊन परत युरोपात येणार असेल, तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन पुन्हा आत येता. त्यासाठी एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर मुंबईत विमानात किंवा तिथे जहाजात चढू देत नाहीत आणि पैसे बुडतात. मधल्या त्या देशाचा वेगळा व्हिसा लागतो का, तेही एजंटकडून लेखी घ्या. "होऊन जाईल, टेन्शन नका घेऊ" हे उत्तर नव्हे.

जेवण : विचारल्याशिवाय हलाल मिळत नाही

बुफेत पन्नास पदार्थ असतात, पण मांस हलाल असेलच असं नाही. काही कंपन्या आधी कळवलं तर हलाल जेवणाची सोय करतात. हे बुकिंग करतानाच लिहून कळवा आणि उत्तर जपून ठेवा. सोय नसेल तर शाकाहारी जेवण, अंडी आणि मासळी हा साधा मार्ग. मासळीतही आपल्याकडे फरक आहे : शाफई घरांत खेकडा, कालामारी चालतं, हनफी घरांत नाही.

काही शब्द पाठ करून ठेवा. इटालियनमध्ये डुकराच्या मांसाला 'मायाले', स्पॅनिशमध्ये 'सेर्दो', फ्रेंचमध्ये 'पोर' म्हणतात. पाँचेत्ता, प्रोशुत्तो, हॅम, बेकन ही सगळी त्याचीच रूपं. 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी, ती काही ब्रेड-पेस्ट्रीत असते. तिरामिसूमध्ये दारू आणि पन्ना कोट्टात जिलेटिन असू शकतं. सॉसमध्ये वाइन आहे का, हे वेटरला विचारायला लाजू नका. अ‍ॅलर्जीवाले प्रवासी रोज असेच प्रश्न विचारतात, त्यांना त्याची सवय असते.

नमाज आणि किबला

जहाजावर नमाज आपल्या घरांना नवीन नाही. 1995 पर्यंत मुंबईहून जेद्दाला हाजींची जहाजं जात होती आणि आपल्या दादा-नानांनी समुद्रावरच जमाती केल्या.

फरक दिशेचा आहे. पालघरला आपण जवळजवळ पश्चिमेला तोंड करतो, ते अंगात भिनलेलं असतं. तिथे उलट. बार्सिलोनाजवळ किबला पूर्वेकडून थोडा दक्षिणेला, रोमजवळ आग्नेयेला, इस्तंबूलला आणखी दक्षिणेकडे. जहाज वळतं तशी खोलीतली दिशाही बदलते, म्हणून प्रत्येक नमाजेआधी पाहावं. लोखंडी जहाजात मोबाइलचा होकायंत्र चुकू शकतो. खोलीतल्या टीव्हीवर जहाजाचा नकाशा दिसत असेल तर त्यावरून ताडून घ्या.

वेळाही वेगळ्या. जूनअखेर आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, बार्सिलोनात साडेनऊच्या सुमारास. इशा अकराच्या पुढे. मुलं पेंगतात, हे ध्यानात ठेवून बेत आखा. ऑक्टोबर-नोव्हेंबरची दिवाळी सुट्टी या हिशोबानं सोपी पडते. गर्दी आणि भाडंही उन्हाळ्यापेक्षा बहुधा कमी असतं.

मुसाफिराला कसर आहे, चार रकात फर्जच्या दोन. शाफई मसलकात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करण्याची सवलत आहे, हनफी मसलकात साधारणपणे नाही. निघण्याआधी आपल्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

बंदरावर उतरल्यावर

जाहिरातीत 'रोम' लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला. तिथून रोम सुमारे 80 किलोमीटर, म्हणजे साधारण पालघरहून चर्चगेटला जाण्याइतकं. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो बंदर, तेही तितकंच लांब. जाण्या-येण्यात तीन तास गेले की हाती चार-पाच तासच उरतात. परत येण्याची वेळ दारावर लिहिलेली असते आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. फक्त कंपनीच्याच सहलीची बस उशिरा आली तर बहुधा थांबतात. 'व्हेनिस' लिहिलं असेल तर नेमकं बंदर विचारा, कारण ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना शहराजवळून जायला बंदी आहे.

मुलांना दाखवण्यासारखं बरंच आहे. सिसिलीतलं पालेर्मो 831 मध्ये मुस्लिमांच्या ताब्यात आलं आणि 1072 पर्यंत राहिलं. तिथल्या कॅथेड्रलच्या दाराशी एका खांबावर आजही कुरआनची आयत कोरलेली दिसते. जहाज मालागाला लागलं तर तिथून ग्रनाडाचा अलहम्ब्रा एका दिवसात बघता येतो, मात्र त्याचं तिकीट आधी काढावं लागतं.

वातावरण, बुजुर्ग आणि मुलं

जहाजावर बार आहेत, कॅसिनो आहे, पूलवर कपडे आपल्या पद्धतीचे नसतात. पण जहाज मोठं असतं आणि तिथे जायची कोणाची सक्ती नसते. तरुण मुलांशी आधी मोकळेपणानं बोलून घ्या. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते का, ते पहिल्याच दिवशी विचारा.

अम्मी-अब्बूंसोबत जात असाल तर औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह ठेवा. सँतोरिनीसारख्या ठिकाणी जहाजातून लहान होडीत उतरावं लागतं, गुडघ्याचा त्रास असलेल्यांना ते जड जातं. गरोदर बायकांना बहुतेक कंपन्या 24 आठवड्यांनंतर घेत नाहीत, आणि सहा महिन्यांखालच्या बाळालाही नाही. सुरक्षेची कवायत सगळ्यांसाठी सक्तीची असते. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडून 32 जण गेले. ती आठवण ठेवून कवायत मन लावून करा.

आधी जवळून अनुभव घ्या

लाखो रुपये घालण्याआधी मुंबईहून निघणारी दोन-तीन रात्रींची क्रूझ करून बघता येते. कॉर्डेलिया कंपनीचं जहाज 2021 पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जातं. शेंगेन व्हिसा नको, बोईसरहून लोकलनं मुंबई गाठायची. जहाज लागतं का, अम्मींना झेपतं का, जेवण जमतं का, सगळं कळतं.

एजंटला लेखी विचारायचे पाच प्रश्न

1. तिकिटाबाहेर माणशी एकूण किती खर्च येईल?
2. व्हिसा एका प्रवेशाचा की अनेक? मधल्या देशाचा वेगळा लागेल का?
3. हलाल जेवण मिळेल का, याचं कंपनीचं उत्तर दाखवा.
4. व्हिसा नाकारला तर किती पैसे परत, किती दिवसांत?
5. जहाज नेमकं कोणत्या बंदराला लागतं आणि शहर तिथून किती लांब आहे?

या पाचांची उत्तरं कागदावर आली, तर घरच्यांना एकत्र बसवून ठरवा. नाही आली, तर दुसरा एजंट बघा. समुद्र कुठे पळून जात नाही.