वाघ दिसला नाही, पाऊस आला, मूल रडले… आता काय?

ईदचा दुसरा दिवस, दिवाळीची सुट्टी किंवा पावसाळ्यातला एखादा रविवार. अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदऱ्याकडे गाड्या निघतात. अकोल्याहून कोणी कापशी तलावावर जातो, कोणी काटेपूर्णा अभयारण्यात, तर कोणी अकोटच्या पुढे नरनाळा किल्ल्यावर. सोबत पराठे, खिमा, पाण्याच्या बाटल्या, नानी-दादी आणि चार-सहा भावंडे. मुलांना ‘जंगल दाखवायचे’ असते. मग घाटात मोठ्याला गाडी लागते. पॉइंटवर पोहोचावे तर समोर नुसते धुके. सफारीत वाघाचा पत्ता नाही. धाकटीच्या पायात काटा रुततो आणि एकच पालुपद सुरू होते, “अम्मी, घर चलो ना.”

संध्याकाळी घरी आल्यावर निकाल लागतो, “आता परत नाही नेणार हं तुम्हाला.” आम्हा शिक्षकांना काळजी वाटते ती या निकालाची. मोहल्ल्यांतल्या बऱ्याच घरांना अंगण नाही, गल्लीत झाड नाही. मोकळ्यावर जायचे प्रसंग वर्षातून मोजके. त्यातला एक बिघडला की पुढचा सहज वर्षभर लांबतो. शिवाय अशी बंदी आली की तिचा मार मुलींना जास्त बसतो. मुलगा निदान कोपऱ्यावर क्रिकेट खेळायला जातो, मुलगी घरातच राहते. मग विज्ञानाच्या तासाला परागीभवन शिकवताना आम्हाला फुलपाखराचे चित्रच दाखवावे लागते.

लहान मूल सोबत असेल तर बाहेरचा बेत थोडाफार फसणारच. फसल्यावर त्या क्षणी मोठ्यांनी काय करायचे, हे ठरलेले असले की पुढचे सोपे जाते.

आधी ओळखा: धोका, त्रास की हिरमोड?

सहल तीन प्रकारे बिघडते. एक, खरा धोका उभा राहतो. दुसरे, मुलाच्या शरीराला त्रास होतो. तिसरे, ठरवलेले दिसत नाही, म्हणजे नुसता हिरमोड होतो. आपल्याकडे या तिन्हींची सरमिसळ होते. मूल भुकेने रडते तेव्हा आपण त्याला रागावतो, आणि आकाशात वीज कडाडत असते तेव्हा मात्र “एवढ्या लांब आलोच आहोत तर” म्हणून थांबतो. खरे तर उलटे व्हायला हवे.

धोका असेल तर परत फिरा

वऱ्हाडात पहिला धोका उन्हाचा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यानंतर बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामागे हेच कारण आहे. मार्चपासून पुढे बाहेरचा कार्यक्रम सकाळी दहाच्या आत आटपावा. मूल सुस्तावले, डोके दुखते म्हणाले, मळमळू लागले तर सावलीत न्या, अंग ओल्या कपड्याने पुसा, पाणी किंवा ओआरएस घोट-घोट पाजा. ते असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपू लागली तर तोंडात काही न घालता, अंग ओले ठेवून थेट दवाखाना गाठा.

दुसरा धोका विजेचा. मृगाच्या आधी-नंतर आणि परतीच्या पावसात दुपारनंतर ढग दाटतात. गडगडाट ऐकू आला की उघडे शेत, पठार, तलावाचा काठ सोडा. एकट्या झाडाखाली मुळीच उभे राहू नका. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. निघण्यापूर्वी ते मोबाईलवर घेऊन ठेवा.

तिसरे पाणी. तलाव किंवा धरणाचा काठ वरून शांत दिसतो, पण काळ्या मातीचा गाळ पाय धरून ठेवतो. लहान मूल पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाने दुसरे काहीच करायचे नाही, मोबाईलवर फोटोही काढायचे नाहीत.

चौथे आग्या मोहोळ. जुन्या किल्ल्यांच्या भिंती, कडे आणि उंच झाडांवर या मधमाश्या वस्ती करतात. मोहोळाखाली धूर करू नये, दगड मारू नये. ईदच्या दिवसांत अंगावर अत्तर असते. उग्र वासाने माश्या बिथरू शकतात, म्हणून जंगलात किंवा किल्ल्यावर जाताना अत्तर नको. माश्या उठल्याच तर तोंड-डोके ओढणीने झाकून मुलांना घेऊन लांब पळा, गाडीत किंवा घरात शिरा.

साप चावला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यातले काही करू नका. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करा आणि रुग्णालयात न्या.

अशा वेळी परत फिरणे हा मुलासाठी मोठा धडा असतो. “ढग आले म्हणून आपण निघालो, पुढच्या वेळी सकाळी येऊ,” एवढे शांतपणे सांगा. आरडाओरड केली तर मूल निसर्गाला घाबरायला शिकते. कारण सांगितले तर निसर्ग ओळखायला शिकते.

त्रास असेल तर आधी शरीर, मग निसर्ग

तहान, भूक, झोप, लघवी, चावणारे बूट, ओले मोजे. मुलांच्या निम्म्या तक्रारी यातच असतात. लाजाळू मूल, विशेषतः मोठी होत असलेली मुलगी, लघवीचे बोलतच नाही, पाणी प्यायचे टाळते आणि चिडचिडी होते. निघतानाच स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून ठेवावे आणि मुलींच्या कानात सांगावे.

परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत वळणांचा घाट आहे. ज्याला गाडी लागते त्याला भरपेट खाऊ घालून निघू नये. बिर्याणी वर पोहोचल्यावर. त्याला पुढचा रस्ता दिसेल असे बसवावे, मोबाईल काढून घ्यावा, काच थोडी उघडी ठेवावी. उलटी झालीच तर दहा मिनिटे खाली उतरून उभे राहावे. “हा नेहमीच असं करतो” हे वाक्य भावंडांसमोर नको.

पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल अडकणे ठरलेलेच. ही कापसाची माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते, उन्हाळ्यात आकसते म्हणून शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चिखलाने माखलेल्या मुलाला हे तिथेच सांगा. चिखलाचा एक गोळा घरी नेऊन कुंडीतल्या लाल मातीशेजारी वाळवायला ठेवा. कोणती आधी तडकते, ते मूल स्वतः पाहील. बिघडलेल्या कपड्यांचा असा वसूल होतो.

हिरमोड झाला तर बेत सोडा, मूल धरा

वाघ न दिसणे हा सर्वांत नेहमीचा हिरमोड. मेळघाट १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक आहे. पण ते डोंगरदऱ्यांचे, दाट सागवानाचे जंगल आहे. वाघ तिथे असतो, फक्त तो आपल्या वेळेवर येत नाही. “आज वाघ दाखवतो” असे वचन मुलाला देऊ नका. “आज वाघाच्या घरी जाऊ, तो भेटेल तेव्हा भेटेल,” असे सांगा. पावसाळ्यात अनेक प्रवेशद्वारे बंद असतात, त्यामुळे आधी चौकशी करून निघा.

चिखलदऱ्याला धुके आले म्हणून मुले हिरमुसतात. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. तिथले पावसाळी धुके म्हणजे डोंगराला टेकलेला ढगच. मुलाला सांगा, “तू आत्ता ढगात उभा आहेस.” कठड्याच्या आत राहून डोळे मिटायला लावा आणि किती आवाज ऐकू येतात ते बोटांवर मोजायला सांगा. केसांवर, भुवयांवर जमलेले थेंब दाखवा. दरी दिसली नाही तरी पुस्तकातल्या ‘संघनन’ या शब्दाचा अर्थ अंगावरच उमटतो.

बऱ्याचदा मोठ्यांना दरी पाहायची असते आणि मूल मुंग्यांच्या रांगेपाशी बसते. बसू द्या. त्या रांगेवर बोटाने आडवी रेघ ओढून पुसा. मुंग्या थबकतात, गोंधळतात, कारण त्या वासाच्या मागावर चालत असतात आणि तो माग तुटलेला असतो. थोड्या वेळाने त्या पुन्हा जुळवून घेतात. हा प्रयोग आठ वर्षांच्या मुलाला अर्धा तास पुरतो.

पहिल्या पावसानंतर मातीवर मखमली लाल मृगाचा किडा दिसतो. आपल्या घरातल्या बुजुर्गांना तो ‘बीर बहूटी’ म्हणून माहीत असतो. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नाही, कोळ्याच्या नात्यातला आहे. मुलाला पाय मोजायला लावा, नानीला तिच्या लहानपणचे विचारा, आणि किडा डबीत न भरता तिथेच सोडा.

मूल घाबरत असेल तर? “त्यात काय घाबरायचं” म्हणून त्याच्या हातावर किडा ठेवू नका. चार हात लांबून पाहू द्या. पुढच्या वेळी ते स्वतःच दोन हात जवळ जाईल.

‘दिसले नाही’ हीसुद्धा नोंद आहे

आपल्याच सातपुड्यातली एक हकिकत मुलांना जरूर सांगा. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. १८७३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीचा पुरावा मिळेना. पुढे एका इंग्रज संग्राहकाने हा पक्षी आपल्याला १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचे खोटे लेबल लावले आणि शोधणारे चकले. डॉ. सलीम अलींसारख्या पक्षितज्ज्ञानेही तो शोधला, पण सापडला नाही. १९८७ मध्ये सलीम अलींचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी या संशोधकांनी त्याचा माग काढला. तो आपल्या मेळघाटातही आहे.

सलीम अलींना जो दिसला नाही, तो नंतर सापडला. मग एका रविवारी वाघ दिसला नाही म्हणून मुलाने रडायचे कशाला? त्याला एक साधी वही द्या. तारीख, वेळ, जागा, हवा कशी होती, काय दिसले आणि काय दिसले नाही. उर्दू, मराठी, जी भाषा हाताला येईल ती. मात्र न पाहिलेले लिहायचे नाही. एका खोट्या लेबलाने किती वर्षे वाया घालवली, हे त्याला आता ठाऊक आहे.

घरी आल्यावर

त्या रात्री घरातले मोठे जे बोलतात, ते मुलाच्या मनात सहलीपेक्षा जास्त राहते. “पैसे वाया गेले, तुझ्यामुळे सगळ्यांचा दिवस गेला” हे ऐकलेले मूल पुढच्या वेळी स्वतःच नको म्हणते. त्याऐवजी जेवताना प्रत्येकाला दोन गोष्टी विचारा: काय आवडले आणि पुढच्या वेळी काय बदलायचे. मुलगी म्हणेल, बूट बदलायचे. मुलगा म्हणेल, वाटेत कमी खायचे. हेच पुढचे नियोजन.

आणि पुढची फेरी लवकर ठेवा, पण छोटी. अमरावतीकरांना वडाळी आणि छत्री तलाव आहे, अकोलेकरांना कापशी. हिवाळ्याची सकाळ, एक तास, एक वही, शेंगदाणे. तारांवर वेडा राघू बसलेला असतो, काठावर टिटवी ओरडत असते. मूल अर्ध्या तासात कंटाळले तर अर्ध्या तासात उठा. कंटाळा येण्याआधी उठलात तर आणखी चांगले. ते स्वतःच विचारेल, “अब्बू, फिर कब आना है?” आणि या वेळी मुलीलाही न्या.