टाउन हॉलमधला सोपाऱ्याचा ठेवा

फोर्टातल्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही. कॉलेजची मुलं, फोटो काढून घेणारी जोडपी, ऑफिस सुटल्यावर घटकाभर टेकलेले चाकरमानी. १८०४ सालची एशियाटिक सोसायटी आणि १८३३ साली पुरी झालेली ही वास्तू, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. याच सोसायटीत जपलेल्या सोपाऱ्याच्या करंडकाचं नाव काढलं, तर मात्र दोघा-तिघांना फक्त नालासोपारा लोकल आठवली.

हा करंडक उजेडात आणला पंडित भगवानलाल इंद्रजींनी. जन्म जुनागढचा, कर्मभूमी मुंबई. डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्यांना इथे बोलावून घेतलं आणि या माणसानं शिलालेख, नाणी वाचण्यात हयात घालवली. लायडन विद्यापीठानं त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली.

सोपाऱ्यात ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचं टेकाड होतं. गावाच्या लेखी तो कुणा बुरूड राजाचा किल्ला. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलालांनी तिथे कुदळ लावली आणि निघाला विटांचा स्तूप. त्याच्या पोटात वाटोळी दगडी पेटी. झाकण दूर केलं, तर आठ कांस्य बुद्धमूर्ती गोलाकार बसलेल्या आणि मधोमध तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा, चांदीच्या आत दगडी, मग स्फटिकाचा, सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले! सोबत सोन्याची फुलं आणि राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं.

सोपाऱ्याच्या या शोधाशेजारी इजिप्त ठेवून पाहावा. तिथल्या उत्खननासाठी लंडनमध्ये संस्था निघाली, तीही १८८२ सालीच. तिथल्या तुतनखामन राजाची कबर सापडली त्यानंतर ४० वर्षांनी. तिथेही एकात एक तीन शवपेट्या, शेवटची सोन्याची. ती कबर रिकामी करायला ती शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला जवळजवळ १० वर्षं लागली, कारण प्रत्येक वस्तू नोंदवून, जपून बाहेर काढायची होती. उत्खननाचं रोजचं कामही असंच चिकाटीचं असतं. माती थराथरानं काढायची, टोपल्या चाळायच्या, खापराचा तुकडा कुठे, किती खोलीवर मिळाला ते टिपायचं. भगवानलालांनीही सोपाऱ्याचा सचित्र वृत्तान्त लिहून सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला.

तुतनखामन आपल्या शाळकरी मुलांना माहीत आहे, भगवानलाल नाहीत, याची खंत वाटते. टाउन हॉलच्या दाराशी त्यांच्या कामाची ओळख करून देणारा ठळक मराठी फलक असावा. पालकांनीही एखाद्या रविवारी मुलांना घेऊन नालासोपारा पश्चिमेला उतरावं आणि तो स्तूप दाखवावा.