मॅक्ग्रेगर कुळ : नामबंदी आणि कुलचिन्हांची परंपरा

स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशाच्या सामाजिक इतिहासात 'क्लॅन' या संस्थेस मध्यवर्ती स्थान आहे. मूळ गेलिक शब्दाचा अर्थ 'संतती' असा असला, तरी प्रत्यक्षात प्रमुखाच्या आश्रयास आलेली कुटुंबेही कुळात गणली जात. नाव हीच अशा कुळाची ओळख. मॅक्ग्रेगर कुळाचे तर नावच कायद्याने पुसण्यात आले होते.

कॅम्पबेल कुळाच्या विस्तारात ग्लेनऑर्ची परिसरातील जमिनी गमावलेल्या मॅक्ग्रेगरांचा निर्वाह पुढे बऱ्याच अंशी लूटमारीवर होऊ लागला. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइन येथे त्यांनी कहून कुळाचा संहार केला. ३ एप्रिल १६०३ रोजी, राजा सहावा जेम्स लंडनला प्रयाण करण्याच्या तोंडावर असताना, प्रिव्ही कौन्सिलने 'मॅक्ग्रेगर' हे नाव धारण करणे देहदंडास पात्र ठरविले. कुळप्रमुख अलास्टर यास जानेवारी १६०४ मध्ये एडिंबरो येथे फाशी देण्यात आली. बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये पुन्हा लादली गेली आणि १७७४ मध्ये कायमची रद्द झाली. या काळात अनेकांनी मरे, ग्रँट अशी आडनावे घेतली. प्रसिद्ध रॉब रॉय यानेही आईचे कॅम्पबेल हे नाव वापरले.

या कुळाच्या प्रमुखाची चिन्हे याच पार्श्वभूमीवर पाहावी लागतात. ढालीवर समूळ उपटलेला ओक वृक्ष, त्यास छेदणारी तलवार व तिच्या टोकावर मुकुट. शिरचिन्ह मुकुटधारी सिंहमुखाचे. बोधवाक्याचा आशय 'माझा वंश राजवंश' असा. नवव्या शतकातील राजा केनेथ मॅकअल्पिनच्या घराण्याशी परंपरेने जोडलेले हे नाते इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. परंतु ज्या राजसत्तेने नाव हिरावले, तिच्याच रक्ताचा हा दावा कुळाने सोडला नाही.

स्कॉटिश कायद्यानुसार ढालचिन्ह कुळाचे नसून व्यक्तीचे असते. १६७२ च्या कायद्याने त्याची अधिकृत नोंदवही लॉर्ड लायन या अधिकाऱ्याकडे सोपविली. सामान्य कुळबांधव प्रमुखाचे केवळ शिरचिन्ह, तेही बकलयुक्त पट्ट्याच्या वर्तुळात, धारण करतात; पट्टा म्हणजे चिन्ह दुसऱ्याचे असल्याची कबुलीच. 'आपल्या आडनावाची ढाल' म्हणून पर्यटकांना विकली जाणारी वस्तू या दृष्टीने निराधारच म्हणावी लागेल.

बंदी उठल्यानंतर आठशेहून अधिक कुळबांधवांनी लॅनरिकच्या जॉन मरे यांस प्रमुख मानले. त्यांचे पुत्र इव्हान हे १८१८ मध्ये तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात खानदेशातील थाळनेर येथे जखमी झाले होते. त्यांनीच १८२२ मध्ये मॅक्ग्रेगर हे नाव पुन्हा धारण केले. त्याच वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा स्कॉटलंडच्या राजमुकुटाच्या रक्षणाचा मान मॅक्ग्रेगरांना देण्यात आला.